धाकटीची गोष्ट सांग

२ सप्टेंबर, रविवार

पोचले! सगळं सामान घेऊन आणि एकदाही न रडता. सामानाचं आईला पटेल, न रडल्याचं पटायचं नाही.

स्पॅनिश शिकवणाऱ्या शाळेने ठरवून दिलेलं घर चढावरच्या एका जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. माझी खोली लहान आहे, पण माझी एकटीची. आयुष्यात पहिल्यांदाच. एक पलंग, एक टेबल, एक दिवा आणि एक कपाट. कपाटाचं दार आपोआप उघडतं म्हणून फटीत कागदाची घडी खोचून ठेवायची, असं सांगितलं आहे. खिडकीखाली अंगण आहे. तिथे सगळ्या बिऱ्हाडांच्या चादरी वाळत असतात.

घरात तीन माणसं. ज्यांच्याकडे मी राहणार त्या बाई शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या आहेत. बोलतात हळू, प्रत्येक शब्द वेगळा ठेवून, माझ्यासारख्या नवशिकीला अगदी सोयीचं. त्यांचे यजमान कवळ्या बनवतात. मागच्या खोलीत फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले असतात, प्रत्येकाला गिऱ्हाइकाची चिठ्ठी. मी दारातून डोकावले तर म्हणाले, घाबरू नकोस, यातलं कुणी चावत नाही. मला स्पॅनिशमधला विनोद कळला! मी मनातल्या मनात त्यांचं नाव कवळीकाका ठेवून टाकलं.

तिसऱ्या बाईंच्या आई. त्यांना काही म्हणजे काही आठवत नाही. खिडकीजवळच्या खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसलेल्या असतात. पोटच्या मुलीलाही ओळखत नाहीत. मी वाकून नमस्कार केला तर भिंतीकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. मी त्यांना आजी म्हणायचं ठरवलं आहे.

घराचा नियम एकच, उंबऱ्याच्या आत फक्त स्पॅनिश. म्हणून ही वही. रविवारचा आईचा फोन सोडला तर मराठीत बोलायला मला एवढी एकच जागा.

५ सप्टेंबर, बुधवार

या घराची एक पद्धत आहे. दुपारी दोनला सगळे एकत्र जेवतात आणि जेवण झालं की विद्यार्थ्याने आपल्या घरची एक गोष्ट सांगायची. खरी घडलेली आणि जिवाभावाची. मग बाई तीच गोष्ट चुका सुधारून पुन्हा सांगतात, मग कवळीकाका आणि शेवटी आजींच्या कानाशी तोंड नेऊन बाई ती तिसऱ्यांदा सांगतात. त्यानंतर ती गोष्ट विद्यार्थ्याने परत सांगायची नाही. बाई म्हणाल्या की एकदा सुधारलेलं वाक्य पुन्हा उगाळलं की जुन्या चुका परत येतात.

मला हे लगेच आवडलं. मी शाळेत गेले ती एकदम आठवीत. तोपर्यंत मी आणि माझी धाकटी बहीण खारू घरीच शिकलो. आई गणित, बाबा भाषा आणि इतिहास. शिक्षा कधी नव्हती, नियम मात्र होते. एक नियम असा की खोटं सापडलं तर एका खोट्यामागे दोन खरं सांगायचं, आणि तेही लाज वाटेल असं. बाबा म्हणत, हिशेब चुकता झाला की मन हलकं होतं. माझं होई. खारूला लाज कशाचीच वाटत नसे, त्यामुळे तिचा हिशेब कधी चुकताच होत नसे.

खारू म्हणजे खारुताई. सतत काहीतरी कुरतडत असते आणि तिची बडबड थांबत नाही. तीही घरी माझ्याच पुस्तकातून स्पॅनिश शिकते आहे. म्हणते, तू पुढे हो, मी आलेच मागून.

आज मी पहिली गोष्ट सांगितली. आईने आम्हाला कलिंगड कापून अपूर्णांक शिकवले ती. पाचच मिनिटं बोलले, पण शेवटी शेवटी शब्द असे आपसूक येत गेले की मीच चकित झाले.

१३ सप्टेंबर, गुरुवार

वर्गात आज सरांनी मला उभं केलं आणि सगळ्यांना सांगितलं की बघा, दहा दिवसांत ही कुठल्या कुठे गेली. मी लाजून जमिनीकडे बघत होते, पण आतून उड्या मारत होते. अकरा जणांत मी सगळ्यात मागे होते, आता तिसरी.

रोजची गोष्ट चालू आहे. बाबांची सायकल, आत्याच्या लग्नात हरवलेली चप्पल, मी पहिल्यांदा एकटी दुकानात गेले तो दिवस. आजी आता माझ्याकडे वळून बसतात. आज त्यांनी मान हलवली. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. परक्या माणसाला आपला इतका उपयोग होतो आहे, मला फार बरं वाटलं.

३० सप्टेंबर, रविवार

आईचा फोन आला होता. बोलता बोलता म्हणाली, आज कलिंगड आणलं गं, ते अपूर्णांक आठवून इतकं हसलो आम्ही. मीही हसले.

मला कसले अपूर्णांक ते आठवलं नाही.

फोन ठेवल्यावर वही उघडली. पाच तारखेला मीच लिहिलं आहे, कलिंगड कापून अपूर्णांक शिकवले. अक्षर माझं आहे, पण वाचताना दुसऱ्या कुणाबद्दल वाचतो आहोत असं वाटतं. बाबांना सायकल होती? आत्याच्या लग्नाला मी गेले होते?

दमले असेन. आणि आईजवळ खोटं हसले, ते वेगळंच टोचतं आहे.

१ ऑक्टोबर, सोमवार

आज जेवताना आजींनी पावाचा तुकडा उचलला, त्याचे दोन केले, मग त्यातल्या एकाचे दोन. आणि स्वच्छ आवाजात म्हणाल्या की अर्ध्याचं अर्धं म्हणजे पाव, माझ्या आईने मला कलिंगडावर शिकवलं होतं.

बाई उठून त्यांच्या गळ्यात पडल्या. कवळीकाका रुमालाने चष्मा पुसत राहिले. मी चमचा हातात धरून बसले होते.

नंतर मी धीर करून बाईंना विचारलं, माझी आठवण आजींकडे कशी गेली. मला वाटलं होतं त्या हसतील, वेडी कुठली म्हणतील. त्या भांडी पुसत होत्या. पुसतच म्हणाल्या, भाषा काय हवेतून येते असं वाटलं तुला? एक ठेवायचं तेव्हा एक उचलायचं. आणि तुझ्याजवळ तर आठवणी घर भरून आहेत, माझ्या आईजवळ एकही नाही. चार गेल्या तर तुझं काय अडणार?

खरंच, काय अडणार?

९ ऑक्टोबर, मंगळवार

सात दिवस मी गोष्ट सांगितलेली नाही. सात दिवस या घरात माझ्याशी कुणी बोललेलं नाही.

रागावत नाहीत. ताट वाढतात, चादर बदलतात. पण मी काही विचारलं तर उत्तर येत नाही. कवळीकाका माझ्यामधून पलीकडे बघतात. बाईंनी शाळेचा दर आठवड्याचा कागद भरलेला नाही. त्यात यजमान घराने विद्यार्थिनीची वागणूक लिहायची असते. सर म्हणाले की दोन आठवडे कोरे गेले तर परीक्षेला बसता येत नाही. परीक्षेला न बसता घरी कशी जाऊ? बाबांनी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे.

आजी पुन्हा भिंतीकडे बघायला लागल्या. खात नाहीत. बाई भरवतात, आणि ते गालावरून खाली येतं. प्रत्येक घासाला बाई एकदा माझ्याकडे बघतात.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार

मी एक फार वाईट गोष्ट केली.

आज गोष्ट सांगितली, पण ती मनची रचलेली. एक पोपट होता, तो पळून गेला, आम्ही त्याला शोधलं, वगैरे. आमच्याकडे पोपट कधीच नव्हता. वाटलं, यांचंही काम होईल आणि माझंही काही जाणार नाही. मी स्वतःला हुशार समजत होते.

बाईंनी ती आजींच्या कानात सांगितली. आजींनी ऐकली. मग त्यांना ठसका लागला, तो थांबेचना. ओठ निळे पडले. कवळीकाकांनी त्यांना ओणवं धरलं. डॉक्टर आले, इंजेक्शन दिलं. गेल्यावर बाई माझ्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की तुझ्या आईला कुणी विष घातलं असतं तर तू त्याच्याशी कशी वागली असतीस, याचा विचार कर.

मी दिवसभर विचार केला. त्या माझं चोरत होत्या हे खरं आहे. पण आजींनी काय केलं होतं?

१३ ऑक्टोबर, शनिवार

एका खोट्यामागे दोन खरं.

मला कुणी सांगितलं नाही. मीच उठले, आजींच्या खुर्चीशी जमिनीवर बसले आणि दोन गोष्टी सांगितल्या. लहानसहान नाही, माझ्याजवळ सगळ्यात चांगल्या होत्या त्या. दोन्ही खारूच्या होत्या. त्या काय होत्या ते सांगण्याआधी इथे लिहून ठेवलं:

एक. आम्हा दोघींना गोवर आला तेव्हा एका पलंगावर उलटसुलट झोपत होतो. तिला भीती वाटायची म्हणून आम्ही पायांच्या अंगठ्यांना दोरी बांधली होती. भीती वाटली की ओढायची. ती दर पाच मिनिटांनी ओढायची आणि विचारलं तर म्हणायची, मला नाही, तुला वाटत असेल म्हणून ओढली.

दोन. मी पहिल्यांदा शाळेत गेले त्या दिवशी मुलींनी मला हसून रडवलं. घरी आले आणि कुणाला सांगितलं नाही. खारूने ओळखलं. दुसऱ्या दिवशी ती शाळेच्या फाटकाशी कमरेवर हात ठेवून उभी. अकरा वर्षांची. त्या मुलींना म्हणाली, माझ्या ताईला रडवायचा हक्क फक्त माझा आहे.

आजींचे डोळे उघडले. त्यांनी माझ्या केसांवरून हात फिरवला. बाईंनी शाळेचा कागद भरला, सगळीकडे 'उत्तम'. संध्याकाळी कवळीकाका माझ्याशी बोलले. म्हणाले की तुझे दात फार सुरेख आहेत, कधीतरी साचा घेऊ.

मन हलकं झालं. फारच हलकं झालं.

२८ ऑक्टोबर, रविवार

आजींना आता दुसरं काही चालत नाही. बाबांची गोष्ट सुरू केली की तोंड फिरवतात. खुर्चीच्या हातावर बोट आपटत म्हणतात, धाकटीची गोष्ट सांग. धाकटीची.

मी सांगते. रोज एक. ठरवते की उद्या नाही. पण मग त्या जेवत नाहीत, आणि बाई माझ्याकडे बघतात.

परीक्षा चौदा डिसेंबरला. तोंडी. तोवर पुरतील का, मोजून पाहिलं. अशा गोष्टी मोजू नयेत.

११ नोव्हेंबर, रविवार

आज फोनवर आईनंतर एक मुलगी बोलली. फार वेळ. भराभर. मला ताई म्हणत होती. मी नीट उत्तरं दिली, हो, बरी आहे, थंडी आहे, अभ्यास चालू आहे. ती मधेच म्हणाली, तू अशी पाहुण्यासारखी का बोलतेस गं? मी विचारलं की आपण कोण बोलताय.

ती हसली. मग हसायची थांबली.

वहीत बघितलं. खारू. धाकटी बहीण. मागची पानं तीन वेळा वाचली. दोरी. फाटक. छान मुलगी दिसते.

२ डिसेंबर, रविवार

आईचा फोन. ती मुलगी इथे येते आहे. बाईंनी पत्र पाठवलं होतं म्हणे, थोरलीची तब्येत नाजूक आहे, धाकटीने सोबतीला यावं, इथेच राहावं, तीही शिकेल. आई खूश आहे. मुलगी म्हणते, ताईला काय झालंय ते मी डोळ्यांनी बघते आणि कान धरून घरी आणते.

बाईंना विचारलं. त्यांनी नाकारलं नाही. त्या पडदे धूत होत्या. म्हणाल्या, आईला तिच्या बहिणीची आठवण येते. इतक्या गोष्टी ऐकल्यावर येणारच ना? माणूस झुरतं. तिला एकदा भेटू दे.

तिच्या बहिणीची. असं म्हणाल्या.

५ डिसेंबर, बुधवार

शाळेच्या ऑफिसातून घरी फोन केला. सांगितलं, तिला पाठवू नका. आईने कारण विचारलं. मी म्हटलं, इथली माणसं आठवणी घेतात. आई म्हणाली, धाकटीला मिळतंय तर तुझ्या पोटात दुखतंय का? असं नव्हतं गं शिकवलं तुला.

ती मुलगी फोनवर आली. म्हणाली, बरं, नाही येत, पण एक सांग. आपण दोघीच ओळखतो अशी एक गोष्ट सांग, म्हणजे पटेल की तूच बोलते आहेस.

मी वहीतून दोरीची गोष्ट वाचून दाखवली. ती ऐकत राहिली. मग रडायला लागली. म्हणाली, तू हे धडा वाचल्यासारखं का वाचतेस?

आता तर ती येणारच.

११ डिसेंबर

आजींना नवा झगा शिवला. निळा. त्या दिवसभर दाराकडे तोंड करून बसतात. कोण येणार विचारलं की सांगतात, माझी धाकटी. दोरी, फाटक, सगळं सांगतात. माझ्यापेक्षा किती छान सांगतात. मध्येच ओठ थरथरतात.

मला तसं काही होत नाही. पण वहीत ती माझी आहे. मी खोटं लिहीत नाही. म्हणजे ती माझीच आहे.

१३ डिसेंबर

उद्या ती येते. गाडी चारला, बाईंनी सांगितलं. परीक्षा अकराला. बाराला सुटेन. मग सरळ स्टेशनवर. चेहरा ओळखणार नाही — पण ती मला ओळखेल. तिथूनच परत पाठवायचं. हात जोडायचे, पाया पडायचं, काहीही. या घराचा जिना तिने चढता कामा नये.

परीक्षा सोडून सकाळपासूनच स्टेशनवर बसावं का? पण बाबा — आणि वेळ आहे. चार तास आहेत मधे.

१४ डिसेंबर

साडेतीन.

पहिली आले. परीक्षकांनी थांबवून घेतलं. म्हणाले की बहिणीवर बोला. मी बोलले. एकही चूक नाही. टाळ्या. दोन वाजून गेले तरी सोडेनात — मी उठून पळाले —

स्टेशनवर सांगितलं की विमानतळाहून येणारी गाडी चारला नसते. सकाळी आठला असते. आठला मी शाळेत उजळणीला बसले होते.

दाराशी लाल बूट. माझे नाहीत.

जेवण झालेलं. चार ताटल्या. निळ्या झग्यात आजी, गाल ओले, हसतात. मला म्हणाल्या, अगं, माझी ताई किती हुशार होती माहीत आहे का तुला? मला दोरी बांधायची रात्रीची —

ताई. आता तीही त्यांच्याकडे.

बाई म्हणाल्या, सकाळपासून अखंड बोलत होती पोरगी. मोडकंतोडकं, पण थांबली म्हणून नाही. एवढी प्रेमळ मुलगी आम्हाला कधी मिळाली नव्हती. सगळ्या ताईच्याच गोष्टी. तूच एवढा वेळ कुठे होतीस?

चार वाजले

ती माझ्या खोलीत आहे. दुसरा पलंग टाकलाय. दार ठोठावून आली. स्पॅनिशमध्ये विचारलं, माफ करा, आपणही इथेच शिकता का?

मी हो म्हटलं.

म्हणाली, मी कुणाला तरी न्यायला आले होते वाटतं. आता आठवत नाही. असं होतं ना प्रवासात?

पलंगावर बसून पेन्सिल कुरतडते आहे. माझ्याकडे बघून हसते. ओळख नसलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं.

तिला वही देते. मराठी वाचता येतं तिला. वाच म्हणते, पहिल्या पानापासून वाच —

बाई दारात. म्हणतात की आईला अजून एक ऐकायचं आहे. वहीतलं. वही आण.

थांबा म्हटलं. एक ओळ.

हात पुढे केलाय त्यांनी —

ए मुली. हे आधी वाच. तू खारू. मी तुझी